आधी त्याच गाडीवर पहिला ये

अरे पोरा,

तुझा तो लांबलचक मेसेज दोनदा वाचला. पहिल्यांदा वाईट वाटलं, दुसऱ्यांदा वैताग आला. वाईट वाटलं कारण बाइक रेसमधे सातवं येऊन घरी परत येणं काय असतं ते मला माहितीये, घरचे म्हणतात "अरे वा, सातवा का" आणि आपल्याला कुठे तोंड लपवू असं होतं. वैताग अशासाठी की अख्ख्या मेसेजमधे गाडीने काय काय केलं ते आहे. गाडी स्ट्रेटला मेली, गाडी सी-१ ला, पहिल्या वळणाला, पुढच्या चाकाने घसरली, गाडी गिअर घेत नव्हती. तू काय केलंस ते कुठेच नाहीये. वर तू बसला होतास ना?

मेहनत कर, खचू नको वगैरे मी लिहिणार नाही. मेहनत तू करतोस, मी बघितलंय, आणि खचण्यातला तू नाहीस, तुझे बाबा पण नाहीत. तुझा घोळ वेगळाच आहे. तुला वाटायला लागलंय की या खेळात माणूस फक्त वर बसलेलं वजन आहे आणि खरी रेस गाड्यांचीच होते. "काका, मोटोजीपीत, वर्ल्ड चॅम्पियनशिपमधे बघा ना, डुकाटी असेल तर जिंकतो, नसेल तर नाही, मग टॅलेंटचं करायचं काय" असं लिहिलंयस. बरं. त्याच्यावरच बोलू आधी, कारण हे उदाहरण तुझ्या बाजूचं आहे असं तुला वाटतंय.

२०२४ ला २० रेस झाल्या. १९ डुकाटीने मारल्या, उरलेली एक ऑस्टिनला व्हिन्यालेसने अप्रिलियावर. मान्य. पण त्या वर्षी ग्रिडवर, म्हणजे रेसला उभ्या, डुकाटी किती होत्या? आठ. त्या १९ रेस कोणी वाटून घेतल्या? बन्याया ११, मार्तीन ३, मार्केझ ३, बास्तियानिनी २. झाले चार. उरलेले चार जण काय स्कूटीवर होते का रे? तेही डुकाटीवरच होते, आणि त्या चौघांना मिळून एकही मेन रेस मिळाली नाही. त्यातही गंमत बघ, मार्केझकडे आदल्या वर्षीची गाडी होती, ग्रेसिनी टीमची, तीच आदल्या वर्षीची गाडी आणखी तिघांकडे होती, त्यातला एक तर त्याचा सख्खा भाऊ, त्याच गॅरेजमधे. मार्क मार्केझने तीन मारल्या, आरागॉन, मिसानो, फिलिप आयलंड. बाकी तिघांनी शून्य.

म्हणून माझं एकच म्हणणं आहे आणि ते मी या पत्रात तुला कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे. आधी त्याच गाडीवर पहिला ये. मग गाडीबद्दल बोल. ज्यांच्याकडे तुझ्यासारखीच गाडी आहे त्या सगळ्यांच्या पुढे तू असशील तर तुला गाडीला शिव्या द्यायचा पूर्ण हक्क आहे, मी पण तुझ्याबरोबर देईन. तोपर्यंत नाही.

तुला वाटेल काका जुन्या जमान्यातले, यांना मशिनचं महत्त्व कळत नाही. अरे मी आयुष्यभर मशिनच उघडतोय. मशिन महत्त्वाचं नाही असं म्हणणारा माणूस एक तर खोटं बोलतो नाहीतर त्याने कधी कमी पळणारी गाडी चालवलेली नाही. स्ट्रेटला जेव्हा समोरचा नुसता सरळ बसून निघून जातो ना, तेव्हा हेल्मेटच्या आत माणूस काय काय बोलतो ते मी इथे लिहू शकत नाही. इटलीतल्या मुजेलोला मोटोजीपीची गाडी ताशी ३६६ किलोमीटरला गेलेली आहे, तिथे तुझी गाडी दहाने कमी असेल तर तुझं टॅलेंट स्ट्रेटनंतरच्या सॅन-डोनातो वळणाच्या ब्रेकिंगपर्यंत फक्त समोरच्याचं शेपूट बघत बसणार. क्वार्तारारो बिचारा वर्षानुवर्षं तेच बघतोय. पण क्वार्तारारो यामाहाबद्दल उघड बोलतो आणि कोणी त्याला रडका म्हणत नाही, का? २०२२ बघ. तो २४८ पॉइंट घेऊन दुसरा आला, शेवटच्या रेसपर्यंत बन्यायाला झुंजवलं. त्याच फॅक्टरी टीममधे, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या टीममधे, त्याच यामाहावर मॉर्बिडेली ४२ पॉइंट घेऊन एकोणिसावा. मॉर्बिडेली काही ऐरागैरा नव्हे हं, दोनच वर्षांपूर्वी तो चॅम्पियनशिपमधे दुसरा आला होता. आता क्वार्तारारो म्हणाला की इंजिनात दम नाही, तर जपानमधल्या माणसाला ऐकावंच लागतं, कारण या पोराने गाडीतून जेवढं निघतं तेवढं काढून टेबलावर ठेवलेलं आहे. त्याने हक्क कमावला.

तू कमावलायस का? वन-मेकमधे सगळ्यांना एकच गाडी. एकाच कंपनीने बनवलेली, एकाच टायरवर, वर इंजिनाला सील मारलेली. म्हणजे अख्खं ग्रिड तुझं टीममेट. तालमीत माती सगळ्यांना एकच असते, तिथे हरलेला पैलवान मातीला नावं ठेवत नाही. आणि तू तिथे सातवा. सहा जण तुझ्या पुढे, तुझ्याच गाडीवर.

आता स्टोनरचं सांगतो, कारण हा सगळा वाद ज्याला समजून घ्यायचाय त्याने केसी स्टोनर समजून घेतल्याशिवाय बोलूच नये असं माझं मत आहे. तुझा तेव्हा जन्म झाला असेल नसेल. २००७ ला नियम बदलले, ९९० सीसीच्या गाड्या जाऊन ८०० च्या आल्या. डुकाटीचं इंजिन जबरदस्त, टायर ब्रिजस्टोन. पहिलीच रेस कतारला, आणि स्टोनर स्ट्रेटला रॉसीच्या यामाहाच्या शेजारून असा जायचा की टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला लाज वाटावी. आमच्या गॅरेजवर सगळे रॉसीवाले. सगळ्यांचा निकाल तयार, पोरगं काही करत नाही, इंजिन आणि टायर करतंय. त्या वर्षी त्याने दहा रेस मारल्या, ३६७ पॉइंट, चॅम्पियन. आणि त्याच लाल गाडीवर दुसरा कोण होता? लोरिस कापिरोसी. डुकाटीला मोटोजीपीतला पहिला विजय ज्याने मिळवून दिला तो माणूस, २००३ पासून त्या टीममधे, ती गाडी ज्याला कोणाहीपेक्षा जास्त माहीत. कापिरोसी सातवा, एक रेस जिंकला. पुढच्या वर्षी त्याच्या जागी मेलांद्री आला, २००५ चा उपविजेता, होंडावर रेस मारलेला माणूस. त्या डुकाटीवर तो सतरावा. सतरावा! आणि त्याच गाडीवर स्टोनर सहा रेस जिंकून चॅम्पियनशिपमधे दुसरा.

तरी लोक म्हणतच होते हो, इंजिन. मग २०११ ला काय झालं ते बघ. स्टोनर होंडावर गेला आणि रॉसी त्याच्या जागी डुकाटीवर आला. दुनियेचा सगळ्यात मोठा रायडर, बरोबर त्याचा मुख्य मिस्त्री जेरेमी बर्जेस, ज्याच्या हाताखालून कितीतरी चॅम्पियनशिप गेलेल्या. इटालियन माणूस इटालियन गाडीवर, अख्खा देश वेडा झालेला. दोन वर्षांत एकही विजय नाही, पहिल्या तीनात फक्त तीनदा. आणि स्टोनरने पहिल्याच वर्षी होंडावर दहा रेस मारून चॅम्पियनशिप घेतली. स्टोनर गेल्यावर डुकाटीला परत जिंकायला २०१६ उजाडलं, ऑस्ट्रियाला इयानोनेने. म्हणजे ज्या गाडीला लोक रॉकेट म्हणत होते ती खरं तर पुढच्या चाकाचा काहीच अंदाज न देणारी, कॉर्नरला न वळणारी गाडी होती, आणि एक माणूस ती थ्रॉटलने, मागच्या चाकाने वळवत होता म्हणून जगाला ते दिसत नव्हतं.

आता यावर तू म्हणशील, मग रॉसीचं टॅलेंट कमी होतं का. नाही रे बाबा. २००३ ला यामाहाने अख्ख्या सीझनमधे एकही रेस जिंकली नव्हती, ५०० सीसी धरून त्यांचा शेवटचा चॅम्पियन १९९२ चा वेन रेनी. आणि रॉसी जिंकणारी होंडा सोडून तिथे गेला. होंडाने करार डिसेंबरअखेरपर्यंत धरून ठेवला, त्यामुळे जानेवारीपर्यंत त्याला नव्या गाडीला हात लावता आला नाही. मलेशियाला टेस्टिंगमधे फुरुसावा नावाच्या यामाहाच्या इंजिनिअरने त्याच्यासमोर वेगवेगळी इंजिनं ठेवली. रॉसीने सगळ्यात जास्त घोडे असलेलं उचललं नाही. त्याने ते उचललं जे थ्रॉटल उघडताना हाताला कळतं, क्रॅंक वेगळ्या मांडणीचा, फायरिंग एकसारखं नसलेलं. एप्रिलमधे दक्षिण आफ्रिकेत वेल्कमला पहिलीच रेस, बियाजीच्या होंडाला पाव सेकंदाच्या आत हरवलं आणि वर्षअखेर चॅम्पियन. ३०४ पॉइंट. आणि लगेच विचार, तीच गाडी दुसऱ्या कोणाकडे होती? कार्लोस चेका, त्याच टीममधे, ११७ पॉइंट, सातवा.

(इथे बर्जेस आणि फुरुसावा यांना विसरू नकोस. रायडरच्या फोटोत मिस्त्री नसतो. मी मिस्त्री आहे म्हणून बोलतोय असं समज हवं तर.)

लॉरेन्झोचं उदाहरण मात्र मला देऊ नकोस, तुझ्या वयाचा प्रत्येक जण देतो. की तो डुकाटीवर पहिलं वर्षभर एकही रेस जिंकला नाही, तरी गाडीबद्दल बोलत राहिला, त्याच गाडीवर दोवित्सिओसो २०१७ ला सहा रेस जिंकत होता तरी लॉरेन्झो म्हणत होता की ब्रेकिंगला मला अंगाला टेकायला आधार नाही, आणि शेवटी २०१८ ला पेट्रोल टाकीचा आकार बदलून दिल्यावर मुजेलोला जिंकला, लगोलग बार्सिलोनाला पण. हो, जिंकला. पण त्या माणसाच्या खिशात आधीच तीन मोटोजीपी चॅम्पियनशिप होत्या, आणि त्याने काय मागितलं ते बघ. "गाडी पळत नाही" असं नाही. नेमकी टाकी. ब्रेक धरल्यावर शरीराचं वजन हातांवर येतंय, मांड्यांना धरायला काही नाही, त्यामुळे हात थकतात, म्हणून टाकीला इथे एवढा फुगवटा द्या. तुझ्या मेसेजमधे असं नेमकं एक वाक्य दाखव मला. "गाडी स्ट्रेटला मेली" म्हणजे काय? किती आरपीएमला मेली? पाचव्यात का सहाव्यात? पहिल्या लॅपला का टायर तापल्यावर? कोणाच्या मागे असताना का एकटा असताना? मिस्त्रीला हे नाही सांगितलंस तर तो काय डोंबल करणार, प्लग बदलेल आणि पाठीवर थाप मारेल.

आता माझं. तुझ्या बाबांनी तुला अर्धवट सांगितलंय हे मला माहितीये, म्हणून मीच पूर्ण सांगतो. माझ्याकडे आरएक्स १०० होती. नाना पेठेतून पार्ट आणून, हेड घासून, पोर्टिंग मी स्वतः हाताने केलेलं, सायलेन्सरचा चेंबर एका वेल्डरकडून बनवून घेतलेला. टाकी रिकामी करून, पोत्यात बांधून ती पुण्याहून चेन्नईला रेल्वेच्या पार्सलने जायची आणि मी जनरलने. प्रायव्हेट आरएक्सवाली दहा-पंधरा पोरं असायची, त्यात मी पुढे असायचो, हे कोणालाही विचार. फॅक्टरीवाल्यांच्या मागे, पण आरएक्समधे पुढे. म्हणून एका फॅक्टरी टीमने ट्रायलला बोलावलं, माझ्यासारख्या चार-पाच प्रायव्हेट पोरांना. एकच गाडी, सगळ्यांनी आळीपाळीने चालवायची. त्या दिवशी सगळ्यात कमी टाइम माझा होता. स्टॉपवॉच त्यांचं होतं, माझं नाही. खाली उतरलो आणि त्यांच्या मॅनेजरला सांगितलं, पुढचे शॉकअप मऊ आहेत, ब्रेक धरून आत घालताना पुढचं चाक दुमडतंय, ऑइल घट्ट टाका, अजून वेळ निघेल. तो म्हणाला टाइम देणं तुझं काम, गाडी आमचं काम. मी म्हणालो गाडी तुमची पण पडणार मी. झालं. पुन्हा बोलावणं आलं नाही. ज्याला घेतलं तो माझ्यापेक्षा हळू होता, गप्प होता.

तुझे बाबा अजून म्हणतात की तेव्हा तोंड बंद ठेवलं असतंस तर आज गॅरेज नसतं, नाव असतं. मी नाही मानत. का बंद ठेवायचं? मी त्याच गाडीवर पहिला होतो. मी बोललो ते शॉकअपबद्दल बोललो, नेमकं बोललो, मोघम नाही. आणि बरोबर बोललो, कारण त्या सीझनला त्यांची पोरं पुढूनच पडत होती, मी स्वतः रेलिंगला उभा राहून बघितलंय. आता तू म्हणशील की काका, मग तुमचा नियम तुम्हाला कुठे उपयोगी पडला, पहिले आलात, बोललात, आणि बाहेर बसलात. तसं नाहीये ते. नियमाचा उपयोग सीट मिळायला नसतोच. रात्री झोपताना आपण खोटं बोललो नाही एवढं कळायला असतो. ठीके, ते सोड, हे लिहिताना माझंच डोकं गरम व्हायला लागलंय आणि ते तुझ्या कामाचं नाही.

तुझ्या कामाचं हे. "स्ट्रेटला दोघं निघून गेले" म्हणतोस. मी तुझा व्हिडिओ चार वेळा बघितला. पोरा, ते दोघं स्ट्रेटला नाही गेले. स्ट्रेटच्या आधीच्या कॉर्नरला तू थ्रॉटल अर्धा उघडून परत बंद केलास, कारण एंट्रीला जास्त आत घुसलास, मग लाइन रुंद गेली, मग गाडी कर्बकडे निघाली म्हणून तुला थांबावं लागलं. एवढ्याशा पॉवरच्या गाडीवर एकदा थ्रॉटल बंद केला की ते आरपीएम परत गोळा करायला अख्खा स्ट्रेट जातो. लिटर क्लासच्या सुपरबाइकवर ही चूक मनगटाने भरून निघते, छोट्या गाडीवर निघत नाही. म्हणूनच छोट्या गाडीवर शिकायचं असतं, तिथे लपायला जागा नसते. तो पुढे गेलेला कोइम्बतूरचा पोरगा बघ, त्याने एंट्रीला तुझ्यापेक्षा आधी ब्रेक सोडला, हळू आत गेला, आणि तुझ्या कितीतरी आधी पूर्ण उघडला. त्याचं इंजिन तुझ्यापेक्षा चांगलं नाही, त्याचं शेवटचं कॉर्नर चांगलं आहे.

एका गोष्टीत मात्र तुझं ऐकतो, वजन. तू पाच फूट अकरा, हाडापेराने दांडगा, आणि तो चिमणीएवढा. छोट्या गाडीवर पंधरा किलो म्हणजे थट्टा नाही, पिकअपला सरळ दिसतं. मोटो-३ मधे, मोटोजीपीच्या खालच्या छोट्या गाड्यांच्या क्लासमधे, म्हणूनच गाडी आणि रायडर मिळून कमीत कमी १५२ किलो असा नियम केलाय, हलक्या पोराला गाडीवर वजन बांधावं लागतं. मोटोजीपीत तसं नाही, तिथे फक्त गाडीचं वजन धरतात, १५७ किलो, रायडर कसाही असो. आपल्याकडे तुझ्या क्लासला काय नियम आहे ते रूल बुकात वाच, मला विचारू नको, तुझं काम आहे ते. आता वजन हे माणसात धरायचं का गाडीत, यावर आम्ही गॅरेजवर चहाचे कितीतरी कप संपवलेत, उत्तर नाही. पण ते तुझ्या हातात थोडं तरी आहे, इंजिनाचं सील नाही. तीन-चार किलो काढ. उपाशी राहून नको, डोकं चालत नाही मग ब्रेकिंगला, आणि ती चूक वजनापेक्षा महाग पडते.

आता ते लोनचं. तू वन-मेक सोडून पुढच्या वर्षी ओपन क्लासमधे भाड्याची सीट घेणार, बाबा लोन काढणार, कारण "तिथे चांगली गाडी मिळेल". माझा साफ नकार आहे. तुझ्या बाबांना पण सांगितलं, ते चिडले, चिडू देत. अरे तिथे गाड्या वेगवेगळ्या असतात! तिथे पाचवा आलास तरी तुला कळणार नाही की तू पाचवा का आलास, आणि जिंकलास तरी कळणार नाही की कोण जिंकलं. जिथे गाडी सारखी आहे ती जागा सोन्यासारखी आहे, आणि तू तिथून पळायला निघालायस. पहिल्या तीनात ये नियमित, एखादी मार, मग तुला सीटसाठी पैसे द्यावे लागणार नाहीत, किंवा निदान कमी द्यावे लागतील. माझ्याबाबतीत तसं झालं नाही हे मला माहितीये, पुन्हा पुन्हा सांगू नकोस.

आणि चांगली गाडी मिळाली म्हणजे प्रश्न मिटतो हे तर डोक्यातून काढच. बन्यायाचं बघ. आपल्या महिंद्राच्या मोटो-३ गाडीवर होता तो, २०१५-१६ ला, आस्पर टीमकडून. महिंद्रा स्ट्रेटला होंडा-केटीएमच्या मागे असायची, सगळ्यांना माहीत होतं. २०१६ ला आसेनला त्याने तीच गाडी पहिली आणली, महिंद्राचा वर्ल्ड चॅम्पियनशिपमधला पहिला विजय, त्याचाही पहिलाच. पुढे सेपांगला पुन्हा, आणि वर्षअखेर चौथा. महिंद्रावाल्यांमधे तोच पुढे होता. सीझन संपल्यावर त्याला मोटोजीपीच्या डुकाटीवर बसायला मिळालं, आणि पुढे २०२२, २०२३ चा वर्ल्ड चॅम्पियन तोच. मुंबईच्या कंपनीच्या गाडीवरून वर गेलेला पोरगा, आपल्याकडे किती जणांना माहितीये हे?

पण पुढचं पण बघ, नाहीतर मी सोयीचं तेवढंच सांगितलं म्हणशील. २०२५ ला त्याच बन्यायाच्या शेजारी फॅक्टरी डुकाटीवर मार्केझ आला. गाडी एकच, गॅरेज एकच. मार्केझ अकरा रेस मारून पाच राऊंड बाकी असतानाच मोतेगीला चॅम्पियन, आणि बन्याया वर्षभर म्हणत होता की पुढच्या चाकाचं फीलिंग येत नाही. दोन रेस जिंकला, पाचवा आला. जगातली सगळ्यात चांगली गाडी होती रे त्याच्याकडे. मला खरंच वाईट वाटलं त्याचं, दोनदा चॅम्पियन झालेला माणूस खोटं बोलत नसणार, फीलिंग येत नसणारच. पण शेजारी मार्केझ असताना ते कोणाला सांगणार? टीमवाला डेटा काढतो, दोन रेषा एकावर एक ठेवतो, ब्रेक, थ्रॉटल, लीन अँगल, आणि म्हणतो हा बघ तो इथे उघडतोय. संपलं बोलणं.

मार्केझचं उलटंही झालेलं आहे. २०१९ ला होंडावर ४२० पॉइंट, आणि टीममेट लॉरेन्झो, काही रेस दुखापतीने बाहेर होता ते धरूनही, २८. पुढच्या वर्षी हेरेसला मार्केझचा हात मोडला आणि होंडा अख्ख्या सीझनमधे एकही रेस जिंकली नाही. एका माणसाच्या हाताला जुळलेली गाडी, दुसऱ्या कोणाला वळवता येईना. यावर टीमने काय शिकावं ते टीम बघेल. तू रायडर आहेस, तू त्या ४२० कडे बघ.

परत परत तेच लिहितोय मला कळतंय. पण तुमच्या पिढीला सगळं स्पेसिफिकेशनमधे मोजता येतं, कोणाचे किती घोडे, कोणाचं विंगलेट कसं, गाडी खाली बसवणारं राइड हाइट डिव्हाइस कधी लागतं, आणि त्या नादात तुम्ही शेजारचा माणूस बघत नाही. २०२७ पासून मोटोजीपीत ८५० सीसी येणार, राइड हाइट डिव्हाइस बंद होणार. तेव्हाही तू मला मेसेज करशील की काका, अमक्याच्या गाडीत काहीतरी आहे. असेल. त्या अमक्याच्या टीममेटचा नंबर कितवा आला ते बघून मग मेसेज कर.

तर आता काम. पुढच्या राऊंडला प्रॅक्टिसची टाइमशीट मिळते ना, तिचा फोटो काढून पाठव, फक्त तुझी नाही, पहिल्या दहा जणांची, सेक्टरसकट, म्हणजे ट्रॅकच्या प्रत्येक तुकड्याच्या वेळेसकट. तू कुठल्या सेक्टरला किती देतोयस ते आपण काढू. माझा अंदाज आहे की स्ट्रेटवाल्या सेक्टरला तू दिसतोस तेवढा वाईट नाहीस आणि वळणांच्या सेक्टरला तुला वाटतो तेवढा चांगला नाहीस, पण अंदाज आहे, शीट बघून बोलू. कोणी म्हणालं की गाडी बदलून देतो, तर नको म्हण.

आणि त्या कोइम्बतूरच्या पोराशी बोल. पॅडॉकमधे त्याच्याकडे रागाने बघत बसू नकोस, जाऊन विचार की शेवटच्या कॉर्नरला ब्रेक कुठे सोडतो. कुठे धरतो ते नाही, ते सगळेच सांगतात, कुठे सोडतो ते विचार. हिंदी येत नसेल त्याला तर इंग्लिश, तेही नसेल तर हातवारे. तिकडची पोरं रेसिंगचं विचारलं की सांगतात, मला एकाने पिटलेनच्या मागे मातीत काडीने अख्खा ट्रॅक काढून दाखवला होता, गिअर सकट, आणि दुसऱ्या दिवशी त्याच ग्रिडवर माझ्या शेजारी उभा होता. तो जे सांगेल ते मला लिहून पाठव. व्हॉइस नोट नको, गॅरेजमधे ग्राइंडर चालू असतो, काही ऐकू येत नाही.

तुझा,
काका